रविवारी अकरा वाजता टिकेल तो सर्व्हर

"नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात माझी अभ्यासिका आहे. सोबत पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक यांच्या ऑनलाइन सराव परीक्षा घेतो. साइट मित्रानं पीएचपीमध्ये बनवून दिली, साध्या शेअर्ड होस्टिंगवर आहे. आठवडाभर बरी चालते. रविवारी अकराला पेपर सुरू झाला की सातशेक पोट्टे एकदम येतात, ५०८ असा आकडा दिसतो आणि साइट उघडेनाशी होते. मग फोनवर फोन, 'सर, पेपर काऊन उघडत नाही?' सगळे म्हणतात व्हीपीएस घ्या. एक कंपनी तीन वर्षांचे एकदम ९,००० रुपये मागते : ८ कोअर, १६ जीबी रॅम, अनलिमिटेड डेटा. ऑफर या रविवारपर्यंतच आहे. दुसरीकडे महिन्याला दोन हजारांच्या आसपास, पण फक्त २ कोअर आणि ४ जीबी. तिसरी कंपनी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागते, ती फसवी तर नाही? घरी इन्व्हर्टर आणि जुना कॉम्प्युटर आहे, त्यालाच सर्व्हर केलं तर? निकालाचे ईमेल नव्या सर्व्हरवरूनच जातील ना? भरवशाची कंपनी कोणती, एवढं एकदा सांगून टाका."

— एक वाचक, दारव्हा तालुका

भाऊ, कंपन्यांची नावं पुढे देतो. आधी त्या ५०८ कडे बघू, कारण किती मोठा सर्व्हर लागेल हे तिथूनच कळतं.

शेअर्ड होस्टिंगमध्ये एका मशीनवर शेकडो साइट्स असतात. एकीनं सगळ्यांच्या वाटचं खाऊ नये म्हणून बऱ्याच कंपन्या क्लाउडलिनक्स नावाची सर्व्हरची सिस्टिम वापरून प्रत्येक खात्याला मर्यादा घालतात. त्यातली एक मर्यादा एका क्षणी किती विनंत्या आत चालू असाव्यात याची, आणि ती अनेकदा २० असते. एकविसावा आला की त्याला 'रिसोर्स लिमिट इज रीच्ड' ही पाटी आणि ५०८ चा आकडा दाखवून परत पाठवतात. मशीन तोवर ठणठणीत असतं. परत पाठवलेला पोट्टा मात्र गप्प बसत नाही, दर दोन सेकंदांनी रिफ्रेश मारतो, आणि बाहेरची गर्दी वाढतच जाते. म्हणून व्हीपीएस, म्हणजे मोठ्या मशीनचा तुमच्यासाठी वेगळा काढलेला भाग, घ्या हा सल्ला बरोबर आहे. त्यात तुमच्या वाट्याचे कोअर (सीपीयूचे काम करणारे भाग) आणि रॅम वेगळे असतात, आणि वीसची ही अट नसते.

आता किती मोठा घ्यायचा? तुमचा पेपर खऱ्या पोलीस भरतीच्या लेखीसारखा १०० प्रश्नांचा आणि ९० मिनिटांचा धरतो. सातशे मुलं, प्रत्येक उत्तर सर्व्हरवर जातं असं मानलं तर ७०,००० विनंत्या ५,४०० सेकंदांत. म्हणजे सेकंदाला तेरा. दोन कोअरना एवढं काम जड नाही. खरी मारामारी पहिल्या मिनिटाला आणि शेवटच्या क्षणाला असते. एक पान तयार करायला सेकंदाचा दहावा भाग लागत असेल तर दोन कोअर सेकंदाला वीस पानं देतात, आणि सातशे जणांनी अकराच्या ठोक्याला बटण दाबलं तर शेवटच्याला पस्तीस सेकंद ताटकळावं लागतं. मुलांना अकरा, अकरा पाच आणि अकरा दहा अशा तीन तुकड्यांत सोडलं तर तीच वाट बारा सेकंदांवर येते, एक रुपया न घालवता. वेळ संपल्यावर सगळे पेपर एकाच सेकंदाला आपोआप जमा होत असतील, तर मित्राला सांगा की प्रत्येक मोबाइलवर शून्य ते साठ सेकंदांचा कमीजास्त उशीर टाक. आकृत्या आणि लोगो क्लाउडफ्लेअर या, फायली स्वतःच्या सर्व्हरवरून पुरवणाऱ्या सेवेच्या फुकट योजनेवरून जाऊ द्या. एवढं केलं तर २ कोअर, ४ जीबी तुम्हाला पुरतील.

मग त्या ९,००० च्या ऑफरचं काय? छत्तीस महिन्यांनी भागा, महिन्याला अडीचशे रुपये पडतात. त्यात ८ कोअर आणि १६ जीबी खरेखुरे देणं कुणालाच परवडत नाही. मग देतात कसे? एका मोठ्या मशीनचे सॉफ्टवेअरनं भाग पाडून ते विकायचे, हाच व्हीपीएसचा धंदा, आणि मशीनमध्ये आहे त्यापेक्षा जास्त विकण्यावर कुणाचंच कुलूप नसतं. दारव्ह्याहून सुटणारी काळीपिवळी आठवा. सीट नऊ, माणसं सतरा, आणि तिकीट सगळ्यांनी सीटचंच काढलेलं. सगळे भाडेकरू झोपलेले असताना तुमची साइट पळेल. कुणा शेजाऱ्याचं काम निघालं की अडकेल.

हे डोळ्यांनी बघता येतं. सर्व्हरवर लॉगिन करून 'टॉप' हा आदेश द्या. वरच्या ओळींमध्ये सीपीयूचे टक्के दिसतात, त्या ओळीच्या टोकाला 'एसटी' नावाचा आकडा असतो. तुमच्या सर्व्हरला काम करायचं होतं, पण मूळ मशीननं सीपीयू दुसऱ्याला दिला, असा वेळ किती टक्के गेला ते तो सांगतो. शून्य किंवा एखादा टक्का असेल तर ठीक. सतत पाच-दहाच्या वर असेल तर कंपनीनं गच्च भरलंय, आणि सपोर्टनं कितीही गोड बोललं तरी ते तुमच्या सेटिंगनं सुटणार नाही. हा आकडा मंगळवारी दुपारी बघून उपयोग नाही, रविवारी अकरा ते साडेबारा बघायचा. घेण्याआधी सर्व्हर केव्हीएमवर, म्हणजे प्रत्येक भागाला स्वतःचं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) देणाऱ्या पद्धतीवर आहे का, हेही विचारा. काही स्वस्त कंपन्या कंटेनर पद्धतीचा देतात. त्यात मूळ मशीनचं कर्नल सगळ्यांत सामायिक असतं आणि जास्त विकणं आणखी सोपं जातं.

अनलिमिटेड डेटा हा शब्द दिसला की मी आधी नियम आणि अटी उघडतो. आत कुठंतरी 'वाजवी वापर' असतंच. त्यापेक्षा महिन्याला अमुक इतके टीबी असं सरळ लिहिणारी कंपनी बरी. तुमचा वापर तसाही त्याच्या जवळपास जाणार नाही.

तीन वर्षांचे पैसे एकदम भरण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे, कंपनी कितीही मोठी असो. भरवसा कळायला चार-सहा रविवार जावे लागतात, आणि पैसे आधीच गेले असतील तर कळूनही तुम्ही हलत नाही. महिन्याचं, जमलं तर तासाच्या हिशेबाचं बिल देणारी कंपनी घ्या. सोडून जाण्याची भीती नसलेली कंपनी असा हिशेब देते. तासाच्या हिशेबाचा तुम्हाला दुसराही फायदा आहे : मोठी मेगा टेस्ट असेल तेव्हा शनिवारी रात्री सर्व्हर ४ कोअरचा करायचा आणि रविवारी संध्याकाळी पुन्हा २ वर आणायचा. तेव्हा फक्त सीपीयू आणि रॅम वाढवा. डिस्क एकदा वाढवली की बहुतेक ठिकाणी ती लहान करता येत नाही, आणि मग मोठं बिल कायमचं गळ्यात. आणखी एक, सर्व्हर नुसता बंद करून ठेवला तरी बऱ्याच कंपन्यांचं मीटर चालूच राहतं. तो काढून टाकावा लागतो.

कंपन्या ९९.९ टक्के अपटाइमचा, म्हणजे तेवढा वेळ सर्व्हर चालू राहण्याचा शब्द देतात. त्या उरलेल्या दशांश टक्क्याची महिन्याला सुमारे ४३ मिनिटं होतात. ती पहाटे तीनला गेली तर तुम्हाला पत्ताही लागत नाही, रविवारी अकराला गेली तर अख्खा पेपर गेला. भरपाई काय मिळते? त्या महिन्याच्या भाड्यातला काही भाग, तोही पुढच्या बिलात वजा. दुरुस्तीची कामं कंपन्या जिथं मशीन आहे तिथल्या मध्यरात्री काढतात. न्यूयॉर्कला शनिवारची मध्यरात्र असते तेव्हा आपल्याकडे रविवारचे सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. अमेरिकेतला स्वस्त सर्व्हर घेतला तर त्यांची सोयीची वेळ नेमकी तुमच्या पेपरवर येऊन पडते. म्हणून मशीन भारतात हवं, मुंबईत असेल तर उत्तम. आपल्या भागातून मुंबईला जाऊन परत यायला विनंतीला साधारण पंचवीस ते पन्नास मिलिसेकंद लागतात, अमेरिकेला दोनशेच्या वर. गावातल्या फोरजीवर हा फरक मुलांना बोटाखाली जाणवतो.

तर नावं. डिजिटलओशन, त्यांचं डेटा सेंटर बंगळुरूला आहे. लिनोड, ही २००३ पासूनची कंपनी २०२२ मध्ये अकामाईनं घेतली, मुंबईत जागा आहे. ॲमेझॉनचं लाइटसेल मुंबईत मिळतं आणि त्याचं बिल ठरलेलं असतं. ॲमेझॉनच्या बाकी सेवांच्या वाटेला सध्या जाऊ नका, तिथलं बिल वाचायला वेगळा माणूस ठेवावा लागेल. भारतीय कंपन्यांत ई२ई नेटवर्क्स शेअर बाजारात नोंदलेली आहे, रुपयांत बिल देते. यातली कुठलीही एक चालेल, आणि पहिल्या महिन्यात दोन ठिकाणी लहान सर्व्हर घेऊन ताडून बघितलं तर आणखी बरं. दर बदलत राहतात, ते त्या दिवशी बघा; वर १८ टक्के जीएसटी धरा. डॉलरमधलं बिल असेल तर बँकेचा अधिभार वेगळा.

पैसे भरण्याचं दुखणं गावाकडे जास्त आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. कार्डावरचे परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. रुपे कार्ड परदेशी कंपनीकडे बहुतेकदा चालत नाही. आणि ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या नियमांमुळे दर महिन्याचं आपोआप कापलं जाणारं बिल अनेक परदेशी कंपन्यांकडे अडकतं. तुम्ही समजता पैसे गेले, बँकेनं नाकारलेले असतात, कंपनीचा इशारा तुम्ही न उघडणाऱ्या ईमेलवर पडलेला असतो. काही दिवसांनी सर्व्हर बंद, आणखी काही दिवसांनी डेटा पुसलेला. चांगल्या कंपनीतही डेटा असा जातो. आधी पैसे जमा करून ठेवायची सोय असेल तर दोन महिन्यांची शिल्लक ठेवा, आणि खात्याला तोच ईमेल द्या जो तुम्ही रोज बघता.

पत्ता मागणाऱ्या कंपनीला फसवी म्हणू नका. सर्ट-इन या सरकारी संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार भारतात व्हीपीएस देणाऱ्यांना ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, संपर्क नोंदवून ठेवावे लागतात, ग्राहक गेल्यावरही पाच वर्षं. म्हणजे काहीच न विचारता सर्व्हर देणाऱ्याकडे जरा बारकाईनं बघावं. कागद मात्र कंपनीच्या साइटवर लॉगिन करूनच चढवा, कुणाच्या व्हॉट्सॲपवर पाठवू नका. आधार द्यायचंच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं, मास्क्ड आधार द्या. ते यूआयडीएआयच्या साइटवर मिळतं.

सपोर्ट तपासायचा तर पैसे भरायच्या आधी तपासा. शनिवारी रात्री दहाला त्यांना एक नेमका प्रश्न टाका. समजा, 'मुंबईच्या तुमच्या सर्व्हरवर मी रात्री ४ कोअर केले आणि दुसऱ्या दिवशी परत २ केले तर आयपी पत्ता बदलतो का, आणि किती मिनिटं सर्व्हर बंद राहतो?' ज्याला माहीत आहे तो दोन ओळींत उत्तर देतो. 'प्रिय ग्राहक, आपली विनंती आमच्यासाठी मोलाची आहे' असं आलं तर रविवारी अकरालाही तेच येणार. नागपूरचा फोन नंबर आहे म्हणून हुरळू नका. तो बहुतेकदा विक्रीचा असतो, आणि विक्रीवाला रविवारी उचलत नाही.

सगळ्यात जास्त वेळ बॅकअपवर घाला. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या बड्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि त्यातली एक अख्खी इमारत जळाली. कित्येकांच्या साइट्स गेल्या. ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते त्यांच्याकडे परत लावायला काही उरलं नाही. आगीपेक्षा तुम्हाला मोठा धोका आहे तो खातंच बंद होण्याचा. कंपनीच्या पॅनेलमधलं एका बटणाचं स्नॅपशॉट, म्हणजे अख्ख्या सर्व्हरची त्या क्षणाची प्रत, सोयीचं आहे, जरूर घ्या, पण खातं गोठलं तर तेही त्याच कुलपात. म्हणून प्रश्नसंच आणि गुणांचा डेटाबेस रोज रात्री दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीकडे आपोआप जायला हवा, आणि आठवड्याला एक प्रत तुमच्या घरच्या हार्ड डिस्कवर. प्रश्न आणि गुणांचा मजकूर असून किती असणार, फोनमधल्या लग्नाच्या व्हिडिओहून लहान निघेल.

बॅकअप आहे म्हणजे तो लागतो असं नाही. मित्राला बसवा, कोरा सर्व्हर एक-दोन तासांसाठी घ्या, आणि फक्त बॅकअपच्या फायलीवरून साइट उभी करायला लावा. घड्याळ लावा. पहिल्या वेळी काहीतरी राहिलेलं सापडेलच. आकृत्यांचं फोल्डर किंवा डेटाबेसचा पासवर्ड बहुधा. काही रुपयांत ही रंगीत तालीम होते. ती जमली की कुठल्याही कंपनीनं डोळे वटारले तरी तुम्ही एका संध्याकाळीत दुसरीकडे जाऊ शकता.

अट एकच, डोमेन, म्हणजे साइटचं नाव, तुमच्या हातात हवं. आपल्याकडे साइट बनवून देणारा डोमेन स्वतःच्याच खात्यातून घेतो आणि दोन वर्षांनी पुण्याला नोकरीला जातो. आजच विचारा, लॉगिन तुमच्या नावे करून घ्या. सर्व्हर बदलायच्या आदल्या दिवशी डीएनएसमधली (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या नोंदवहीतली) मुदत, म्हणजे टीटीएल, ३०० सेकंदांवर आणून ठेवा, म्हणजे मुलं नव्या पत्त्यावर लवकर पोचतात.

घरच्या कॉम्प्युटरचा विचार सोडून द्या. इन्व्हर्टर तुमच्या घरचा. गावातल्या फायबरच्या पेटीला इन्व्हर्टर कोण देणार? पावसाळ्यात डीपी जळाली की काय होतं ते तुम्हीच मला सांगाल. शिवाय घरच्या आणि मोबाइलच्या कनेक्शनवर बरेचदा इंटरनेटवरचा स्वतंत्र पत्ता (आयपीव्ही४) मिळतच नाही, शेकडो ग्राहकांत एक वाटलेला असतो, म्हणजे बाहेरून कुणी आत येऊच शकत नाही. तो कॉम्प्युटर बॅकअपला ठेवा.

तुम्ही विचारलं नाही तरी एक सांगतो : व्हीपीएस घेतला की रखवालदारी तुमची. नवा सर्व्हर चालू करून तासाभरानं लॉगिनची नोंदवही उघडा, जगभरातून कुणी 'रूट', कुणी 'ॲडमिन', कुणी 'टेस्ट' नावानं पासवर्ड ठोकताना दिसेल. हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं, घाबरू नका. पहिल्याच दिवशी पासवर्डनं लॉगिन बंद करून किल्लीची फाइल वापरा, लागतात तेवढीच पोर्ट, म्हणजे सर्व्हरची ये-जा करायची दारं, उघडी ठेवा, उबंटू २४.०४ ही लिनक्स सिस्टिम घ्या, त्याला २०२९ पर्यंत सुरक्षेचे फुकट अपडेट मिळतात, आणि ते आपोआप लागतील असं करा. हे करणारा माणूस तुमच्याजवळ नसेल, मित्रालाही लिनक्स येत नसेल, तर मॅनेज्ड सेवा घ्या, म्हणजे ही रखवालदारी कंपनीच करते. पैसे दुप्पट-तिप्पट जातील. भरतीच्या हंगामात सातशे मुलांचा भरवसा सांभाळायचा असेल तर ते मला महाग वाटत नाहीत, पण हिशेब तुमचा.

राहिले निकालाचे ईमेल. नव्या सर्व्हरवरून ते बहुधा जाणार नाहीत. स्पॅमच्या त्रासामुळे बऱ्याच कंपन्या नव्या खात्यांसाठी पोर्ट २५ बंद ठेवतात, आणि उघडून घेतलं तरी नव्या आयपीवरचा मेल जीमेल स्पॅममध्येच टाकतं. मेल पाठवणारी वेगळी सेवा घ्या आणि साइट तिला जोडा. नाहीतर निकाल मुलांच्या लॉगिनमध्येच दाखवा. मेल उघडून बघणारे त्या सातशेत किती असतील, ते अभ्यासिकेत सहज विचारून बघा.